सुईवरची रेघ

दोन रेघा अजून एकाच ओळीत होत्या. एक माडाच्या मधल्या, न उलगडलेल्या पानावर. दुसरी त्याला चिकटून असलेल्या शेजारच्या पानाच्या देठावर. सात जानेवारीला सकाळी मी त्या प्रयोगशाळेतल्या पक्क्या शाईने, पट्टी धरून काढल्या होत्या. शेजारचं पान जुनं, त्याची वाढ संपलेली. मधलं पान जिवंत असेल तर ते वर सरकणार, आणि दोन रेघांमध्ये अंतर पडणार. आज पंधरा तारीख होती. मी कॅलिपर लावलं. शून्य.

"किती?" टेबललॅम्प धरून उभ्या असलेल्या आप्पांनी, माझ्या सासऱ्यांनी, विचारलं.

"काही नाही."

"नीट बघ. चष्मा पूस."

"पुसलाय, आप्पा."

"मग त्या यंत्राला गंज चढला असंल."

मी वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि शून्य लिहिलं. ते आठवं शून्य. ती वही अजून माझ्याकडे आहे. शेवटची दोन शून्यं इतकी दाबून लिहिली आहेत की मागच्या पानावर उठली आहेत.

"जरा ओढून बघू का?" मी म्हणाले.

"हात लावू नको."

"सडली असेल तर अलगद हातात येईल. निदान कळेल तरी."

"आणि सडली नसंल आणि तूच उपटलीस तर? मग काय लिवणार वहीत?"

मी हात मागे घेतला. मधल्या पानाला आप्पा सुई म्हणत. माडाला फांद्या नसतात, शेंडा एकच. सुई बुडाशी सडली की आतला कोंब जातो, आणि खालची पानं पुढे दोन-तीन महिने हिरवी राहिली तरी झाड संपलेलं असतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. आप्पांनी ते पन्नास वर्षं माडांवर चढून पाहिलं होतं. त्यामुळे त्या बाबतीत आमच्यात मतभेद नव्हता. मतभेद होता तो वाट पाहण्याबद्दल. मला ती जमत नव्हती.

हे सगळं महाबळेश्वरात चाललं होतं, समुद्रापासून साडेचार हजार फूट उंचीवर. तिथे माड येत नाही. मी तिथल्या संशोधन केंद्रात गव्हावरच्या तांबेऱ्याचा, त्या बुरशीच्या रोगाचा, अभ्यास करत होते, आणि केंद्राचं घर मिळालं होतं ते वेण्णा तलावाच्या अंगाला, खोलगट जागेत. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली येऊन अशा जागी साचते. बाजारात दहा अंश असेल तेव्हा आमच्या अंगणात पाच असायचं.

तिथे राहायला गेलो त्या वर्षी उदयने, माझ्या नवऱ्याने, गुहागरजवळच्या त्यांच्या गावाहून कोंब आलेला एक नारळ आणला. तोडणकरांच्या घरात रीत होती, नवं घर झालं की दाराशी माड लावायचा. मी त्याला तापमानाचे तक्ते दाखवले. तो म्हणाला, "जमिनीत नको, कुंडीत लावू. थंडी पडली की पाहुण्यासारखा आत घेऊ." लोखंडी पिंप अर्धं कापून त्याने कुंडी केली, खाली जाड गोल फळी आणि फळीला चार बेअरिंगची चाकं. चार वर्षांनी उदय काविळीने गेला, अकरा दिवसांत. आप्पा दिवसकार्यानंतर महिनाभर सोबतीला म्हणून राहिले, ते राहिलेच. पुढच्या चार वर्षांत त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. बोलायचो ते माडाबद्दल.

माड हे आप्पांचं काम होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज सकाळी साडेनऊला ऊन आलं की बाहेर, दुपारी चारला आत. दारातून नेताना झावळ्या अडकू नयेत म्हणून माझ्या सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने त्या वर बांधायच्या, आणि आत आल्यावर सोडायच्या. पहिल्या वर्षी आप्पांनी गावच्या सवयीने कुंडीत दोन मुठी मीठ घातलं. पानांची टोकं करपली. "आप्पा, कुंडीतून मीठ खाली जात नाही, तिथेच साठतं," मी सांगितलं. त्यानंतर दर अमावास्येला ते मला विचारायचे, "चिमूटभर घालू काय गो?" आणि मी दर वेळी नको म्हणायचे. उन्हाच्या बाजूने ते खोडाला झापाचा, विणलेल्या झावळीचा, तुकडाही बांधायचे, पश्चिमेच्या उन्हाने खोड भाजू नये म्हणून. महाबळेश्वरच्या जानेवारीत. मी काही म्हटलं नाही. त्यांना माहीत असलेला शत्रू तो होता.

त्या हिवाळ्यात माडाची पानं हॉलच्या छताला टेकली होती. पुढच्या वर्षी तो दारातून आत येणार नव्हता, हे मला मोजून माहीत होतं.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती, जी आप्पांना सांगितली नव्हती. डिसेंबरच्या शेवटी हिमाचलातल्या एका केंद्राचं पत्र आलं होतं. तांबेरा उन्हाळ्यात मैदानात जळून जातो आणि तरी दर वर्षी परत येतो. मधल्या काळात तो थंड डोंगरात नेमका कशावर जगतो, हे शोधायचं काम होतं. तीन वर्षं, स्वतंत्र प्रयोगशाळा. याच प्रश्नाच्या कडेकडेने मी नऊ वर्षं काचपट्ट्यांवर बीजाणू मोजत होते. होकार किंवा नकार वीस जानेवारीपर्यंत कळवायचा होता. पत्र मी ऑफिसच्या टेबलाच्या खणात, नोंदवहीखाली ठेवलं होतं. दिवसातून एकदा काढून वाचायचे आणि परत ठेवायचे. आप्पांना तिकडच्या बर्फात नेणं शक्य नव्हतं. त्यांना आणि उदयच्या माडाला इथे सोडून जाणं त्याहूनही अशक्य होतं. तरी मी नाही कळवलं नव्हतं.

अशात सहा जानेवारीची सकाळ आली.

आकाश निरभ्र असलं, वारा पडला, की तलावाकाठी दव गोठतं. तसा अंदाज असला की मी पहाटे सव्वापाचला, दिवा न लावता, पुढच्या दाराने निघून तलावाजवळच्या आमच्या वाफ्यांवर जायचे आणि गवताच्या पातळीवरचं तापमान घ्यायचे. त्या दिवशी ते उणे एक होतं. सव्वासातला मी परत आले. पाय गारठले होते, म्हणून मागच्या अंगणात चूल पेटली असेल असं समजून घराला वळसा घालून तिकडे गेले.

मागचं अंगण पश्चिमेला, तिथे ऊन उशिरा येतं. सगळी फरशी पांढरी होती. मीठ पसरल्यासारखी. आणि मधोमध एक काळं, कोरडं वर्तुळ होतं. मी टेपने मोजलं नाही, पण त्याची गरज नव्हती. आमच्या पिंपाच्या बुडाच्या फळीएवढंच ते होतं. त्या वर्तुळापासून दारापर्यंत पांढऱ्यावर चाकांच्या चार ओळी गेल्या होत्या, आणि त्यांच्या बाजूने अनवाणी पावलं.

वर्तुळाच्या जागी दव पडलं नव्हतं, म्हणजे रात्रभर तिथे कुंडी होती. चाकांच्या ओळी दवावरून गेल्या होत्या, म्हणजे कुंडी दव गोठल्यानंतर आत नेली होती. यात दुसरा अर्थ निघत नव्हता.

आत आप्पा चहा करत होते. माड हॉलमध्ये त्याच्या जागी होता, झावळ्या अजून बांधलेल्या. वळणीवर आप्पांची घोंगडी ओली होती. तिचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

"आप्पा, माड रात्री बाहेर होता का?"

त्यांनी चहा गाळला. एक कप, मग दुसरा. "नाय गो. काल चारलाच घेतला आत. रोजच्यासारखा."

"चारला?"

"चारला. तू नव्हतीस तेव्हा. तुझी मीटिंग होती ना, सातला आलीस, डोकं दुखत होतं, वरणभात जेवलीस आणि झोपलीस."

हे सगळं खरं होतं. एवढं सगळं बरोबर सांगून त्यांनी मधली एक गोष्ट चुकीची सांगितली होती. आणि आदल्या संध्याकाळी मी हॉलमध्ये पाहिलंच नव्हतं, हेही खरं होतं. रोज पाहायचे. त्या दिवशी थेट स्वयंपाकघरातून आतल्या खोलीत गेले. का, याचा विचार मी पुढे बरीच वर्षं टाळला.

मी चहा प्यायले. आप्पा विसरले, असं मी ठरवलं. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, चार वाजता कुंडी आत घ्यायला विसरला, पहाटे जाग आल्यावर आठवलं, घाबरून अनवाणी धावला आणि आता लाजेने खोटं बोलतोय. किंवा त्याहून वाईट: त्यांना खरोखरच वाटतंय की चारला आत घेतला. माझ्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस, मग किल्ल्या, मग माणसं.

त्याच दिवशी मी सुईच्या बुडाशी बोर्डो मिश्रण, मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, ओतलं. दुसऱ्या दिवशी रेघा काढल्या. आणि वहीच्या मागच्या बाजूने दुसरी नोंद सुरू केली, जिचा मला आज संकोच वाटतो. "बुधवार. वार विचारला. बरोबर." "गुरुवार. काल भाजी कोणती होती? घेवडा. बरोबर." "शुक्रवार. गॅसचं बटण दोनदा तपासलं. ठीक."

"आप्पा, तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव काय हो?"

"केशव. कशाला?"

"असंच."

"काल विचारलंस बाजारात नारळ केवढ्याला. परवा विचारलंस आज वार कुठला. माझी परीक्षा चाललीय काय? पास झालो तर काय देणारेस?"

"काही नाही, आप्पा. सहज."

"सहज तू कधी काय विचारत नाहीस," ते म्हणाले आणि झापाची गाठ आवळायला बाहेर गेले.

सगळी उत्तरं बरोबर येत होती, आणि माझी खात्री कमी व्हायच्या ऐवजी वाढत होती. एका चुकीच्या उत्तरापुढे मी बाकीची वीस बरोबर उत्तरं बाजूला ठेवली. केंद्रात कुणी असं केलं असतं तर मी त्याला सुनावलं असतं.

सोळा तारखेला शून्य. सतराला शून्य. खालच्या दोन झावळ्या तपकिरी पडायला लागल्या. सतराला, शनिवारी, मी ऑफिसमध्ये एका कोऱ्या कागदावर नकाराच्या तारेचा मजकूर लिहिला. आठ शब्द. तारघर सोमवारी उघडणार होतं. कागद पर्समध्ये टाकला आणि वाटलं, चला, संपलं. हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटलं नाही.

अठराला रविवार होता. सकाळी आप्पा अंघोळीला गेले होते. मी कॅलिपर काढत होते एवढ्यात मागच्या दाराशी बावळेकर मामी आल्या. त्यांचं घर आमच्या कुंपणापलीकडे, त्यापुढे त्यांचे स्ट्रॉबेरीचे वाफे. त्या दहा-बारा दिवस मुलीच्या बाळंतपणाला वाईला गेल्या होत्या. हातात जिलेबीचा पुडा होता.

"मुलगी झाली, ताई. तिच्या आईसारखीच रडकी. घ्या." मग त्यांनी माडाकडे पाहिलं. "हा जगला का हो? मला वाटलं गेला असेल."

"तुम्हाला कसं माहीत, मामी?"

"कसं म्हणजे? मी त्या दिवशी पहिल्या एसटीने गेले नाही का वाईला. पहाटे चूल पेटवायला बाहेर आले तर तुमचे आप्पा या अंगणात. अंगात नुसती बंडी! आणि घोंगडी माडाला गुंडाळलेली. त्याला मिठी मारून उभे होते म्हणा ना. मी म्हटलं, आप्पा, तुम्ही मराल. तर म्हणतात, 'गप, गाडी चुकंल तुजी.'"

घोंगडी ओली का होती ते मला कळलं. "विसरले होते हो ते संध्याकाळी," मी म्हणाले. आवाज नीट ठेवला. "आताशा होतं त्यांचं असं."

"कोण विसरलं?"

"आप्पा. कुंडी आत घ्यायला."

"विसरले कसले, ताई? सहा वाजता मी कुंपणावरून हाक मारली होती की. आप्पा, माड बाहेरच राहिला, आज दव गोठणार. तर म्हणाले, म्हायत हाय मला, राहूं दे आज. मी दोनदा विचारलं. दोनदा तेच."

"राहू दे म्हणाले?"

"राहूं दे आज. मला वाटलं तुम्ही काहीतरी प्रयोग करताय. तुमचं असतं ना काहीतरी."

त्या गेल्या. जिलेबीचा पुडा माझ्या हातात होता. मी तो टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. बारा दिवस मी माझ्या मावशीचा चेहरा आप्पांच्या चेहऱ्यावर शोधत होते. तो तिथे नव्हता. ते विसरले नव्हते. त्यांनी ठरवून केलं होतं. हे कळल्यावर राग यायला हवा होता. मला हसू येत होतं.

आप्पा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले.

"जिलेबी कुणी आणली?"

"मामींनी. नात झाली."

"बरं झालं." त्यांनी एक उचलली. "लॅम्प धरू काय? बघायचंय ना?"

"आप्पा, तुम्ही माड मुद्दाम बाहेर ठेवला होता."

जिलेबी अर्ध्यात थांबली. पाक बोटावरून मनगटाकडे निघाला, तो त्यांनी टॉवेलने पुसला.

"त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाय," ते म्हणाले.

"का ठेवलात?"

"आधी तू सांग. ते पत्र कधी दाखवणार होतीस?"

मी कॅलिपर उगाच उघडलं, मिटलं.

"तुझे साहेब भेटले बाजारात. नाताळानंतर. म्हणाले, तोडणकर, सून तर निघाली हिमालयात, तुम्ही काय करणार? मी म्हटलं, बघू. घरी येऊन बसलो. वाटलं, आज सांगंल, उद्या सांगंल. तू रोज येतेस आणि मला सांगतेस दोन अंश उतरलं, तीन अंश उतरलं."

"मी जाणार नव्हते म्हणून सांगितलं नाही."

"का नव्हतीस जाणार?"

"तुम्ही इथे..." मी माडाकडे हात केला. "हा इथे. उदयने लावलेला. तुम्ही रोज दोन वेळा त्याला ढकलताय, झावळ्या बांधताय. तुमच्याकडून तो काढून घेऊ मी?"

आप्पा खुर्चीत बसले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माडाकडे.

"मी माझ्यासाठी ढकलतोय होय?" ते म्हणाले. "गो बाय, माझ्या वाडीत चाळीस माड हायत. माझा पुतण्या सदानंद सांभाळतोय, निम्मे चोरांना देतोय. हा पिंपातला माड मला कशाला? याला नारळ धरंल तेव्हा मी असंन काय? मी ढकलतो कारण तू चष्मा लावून त्याची पानं मोजतेस. मला वाटलं, उदयचं एवढंच राहिलंय पोरीकडे. हा हाय तोवर ती हलायची नाय."

"मला वाटलं तुम्ही हलणार नाही."

"मला इथे थंडी वाजते," आप्पा म्हणाले. "चार वर्षं थंडी वाजते. गुडघे आखडतात. समुद्राचा आवाज नसला की मला रात्री झोप लागत नाय. पण तुला एकटीला टाकून कसा जाऊ?"

मी विचारलं, "आणि म्हणून माड मारायचा?"

"मारायचा नाय. मरू द्यायचा. एक रात्र बाहेर राहिला की आपोआप जाईल, तू म्हणशील थंडीनं गेला, चार दिवस रडशील आणि सुटशील. असा हिशेब केला." ते खाली बघत होते. "संध्याकाळी चार वाजले, हात शिवशिवले. नाय उठलो. सहा वाजले, ती बाई ओरडली. नाय उठलो. अंथरुणात पडून राहिलो. पहाटे तू गेलीस आणि दार वाजलं, तेव्हा उठलो. बघतो तर पानांवर पांढरं. पन्नास वर्षं चढलो, हेमा. किती माडांवरून पडता पडता वाचलो, माडानंच धरलं. हात नाय धजला माझा. घोंगडी घातली, झावळ्या बांधल्या, आत घेतला. मग तू विचारलंस, आणि काय सांगणार? म्हटलं चारला घेतला."

"मला वाटलं तुम्हाला विसरायला होतंय."

"म्हणून विचारत होतीस केशवचं नाव?"

"हो."

आप्पा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग खोकला आला, मग डोळे पुसले. "आणि मी तिकडे पाठ करून ठेवत होतो. म्हटलं हिला आज काय विचारायचंय देव जाणे. सगळ्या भाच्यांची नावं पाठ केली!"

मीही हसले. उदय गेल्यापासून त्या खोलीत आम्ही दोघं एकाच वेळी हसलो असू असं मला आठवत नव्हतं. जिलेबीचा पाक टेबलभर झाला होता, दोघांच्या हातांना, टॉवेलला, वहीच्या कोपऱ्याला. तो डाग अजून आहे.

मग आप्पा म्हणाले, "बावळेकरचा टेम्पो जातो चिपळूणला. आंबेनळी घाटानं उतरतो. मी विचारून ठेवलंय त्याला, आडवा घालून नेता येईल. चिपळूणहून सदानंद गाडी आणंल. खळ्याच्या कडेला खड्डा करीन. तिकडे मीठ घालीन, हवं तेवढं. तुला विचारणार नाय."

"कधी विचारलंत टेम्पोचं?"

"नाताळानंतर."

म्हणजे माड बाहेर ठेवायच्या आधीच. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"दोन्ही सोयी करून ठेवल्या होत्या," ते म्हणाले. "मेला तर तू सुटशील. जगला तर घेऊन जाईन. पण तू सांगितल्याशिवाय मी कसं सांगणार? मी आधी बोललो असतो तर तुला वाटलं असतं, म्हातारा कंटाळला, मला टाकून चालला."

"वाटलं असतं," मी म्हणाले. ते खरं होतं.

"मग."

"जगला तर, म्हणताय. अजून ते कळलेलं नाही."

"बघ की मग. धरतो लॅम्प."

त्यांनी हात धुतले आणि लॅम्प उचलला. मी चष्मा पुसला, स्टुलावर चढले. झावळ्या बाजूला केल्या. सुईला हात लावायचा नाही, हे आता ठरलेलं होतं. मी फक्त वाकून पाहिलं. काळी रेघ मला सापडेना. क्षणभर वाटलं पुसली गेली. मग दिसली. देठावरचा तिचा अर्धा भाग जागेवर होता, आणि सुईवरचा अर्धा भाग थोडासा वर, एखाद्या पायरीसारखा. मी कॅलिपर लावलं. वाचलं. काढून पुन्हा लावलं. पुन्हा वाचलं.

"किती?"

"एक पूर्णांक चार."

"काय एक पूर्णांक चार?"

"मिलिमीटर."

"म्हणजे केवढं?"

मी बोटाच्या नखाची कड दाखवली. आप्पांनी लॅम्प खाली केला, आणि डोळे बारीक करून नखाकडे पाहिलं.

"बस्स?"

"एवढं पुरतं, आप्पा. आतला कोंब जिवंत असल्याशिवाय एवढंही होत नाही."

"ते मला म्हायत होतं," ते म्हणाले. त्यांनी लॅम्प टेबलावर ठेवला. मग हात लांब करून, सुईला नाही, खालच्या जुन्या झावळीला नुसतं चापटलं, बैलाच्या पाठीवर मारतात तसं.

मी स्टुलावरून उतरले. वहीत अठरा तारीख लिहिली, वेळ लिहिली, १.४ लिहिलं. वही उलटली, मागच्या बाजूच्या नोंदींवर आडवी रेघ मारली. पर्समधला कागद काढला, त्यावरचे आठ शब्द एकदा वाचले आणि त्याच्या चार घड्या घालून चुलीजवळच्या काटक्यांत टाकला. आप्पा हे सगळं बघत होते. काय कागद आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

"माडाचं कळलं," ते म्हणाले. "तुझं काय? वीस तारीख परवा हाय."

तीन आठवडे मी ते उत्तर रोज मनात बनवत होते, कारणांसकट. आता तोंड उघडलं तर कारण एकही आठवेना.

"मी जाणार आहे, आप्पा," मी म्हणाले.